मावशी आणि दोन स्पेसचा नियम

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणतात. तिथे तिचा भाचा नाही की भाची नाही, पण केस पिकलेले आणि डब्यातलं वाटून खायची सवय, म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? मावशी प्रोग्रॅम लिहिते आणि फार छान लिहिते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नवीन आलेला माणूस हमखास तिलाच विचारतो, "साहेब कुठे बसतात हो?" काय बोलावं अशा लोकांना!

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि दुपारी घर खायला उठायला लागलं, तेव्हा मुलीच्याच जुन्या पुस्तकांवरून बाई कोड लिहायला शिकली. चुकत, चिडत, पुन्हा बसत शिकली. नोकरी लागली त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "लग्नातसुद्धा मी इतकी खूश नव्हते." नवरा शिंपी. दातात धरलेला दोरा न सोडता तो म्हणाला, "मी होतो बरं का. माझ्यापुरता."

कोड लिहितात त्या प्रोग्रॅमला एडिटर म्हणतात. कोडच्या ओळी एकाखाली एक सरळ नसतात. काही थोड्या आत सरकवलेल्या, काही आणखी आत. कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, ते त्यावरून कळतं. या आत सरकवण्याला इंडेंट म्हणायचं. एंटर मारला की पुढची ओळ कुठून सुरू करायची ते एडिटर आपणहून ठरवतो, पण आधी त्याला शिकवावं लागतं, आणि प्रत्येक भाषेचं वेगळं. मावशीने हे हौसेनं केलं होतं. वेबपानांना दोन स्पेस, म्हणजे दोन रिकाम्या जागा, पायथन नावाच्या भाषेला चार, आणि मेकफाइल नावाची एक मानी बया असते, तिला टॅबच, म्हणजे एका बटणात पडणारं एकच लांब पाऊल. तिथे स्पेस दिल्या की ती काम सोडून भांडत बसते.

"एवढं कशाला करता मावशी?" कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "एकाला अळणी लागतं, एकाला तिखट. घरात करतोच ना आपण? मग या बिचाऱ्या भाषांनीच काय घोडं मारलंय?"

पुढे तिने पायथनच्या चार स्पेसच्या आठ केल्या. "मोकळं मोकळं बरं वाटतं," म्हणाली. ते खोटं होतं. तिच्या डाव्या डोळ्यात मधोमध एक धुरकट डाग आला होता आणि उजवाही पूर्वीसारखा राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, उपचार घेत राहा, फार वाढणार नाही. पण चार स्पेस आणि आठ स्पेस यांत तिच्यासाठी आता जमीनअस्मानाचा फरक होता. हे तिने ऑफिसात कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. डोळे गेले म्हणतील आणि घरी बसवतील, ही भीती. ते दुपारचं गप्प घर तिला पुन्हा नको होतं.

तिच्या गटाचा प्रमुख म्हणजे कप्तान. जेवायला निघाले तरी हा सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून ते नाव. पोरगा गुणी, पण शिस्तीचं वेड भारी. एका सकाळी त्याने जाहीर केलं, "आजपासून सगळ्या भाषांना दोन स्पेस. सगळ्यांच्या एडिटरला एकच सेटिंग, मी घालून देतोय."

"आणि मेकफाइल?" मावशीने विचारलं.

"तेवढी सोडून."

"मग एकच नियम कुठे राहिला रे?"

सगळे हसले, कप्तानही हसला. मावशी पण हसली.

दोन स्पेसवर सगळ्या ओळी तिला एका रांगेत उभ्या दिसायला लागल्या. अक्षरं मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर जायची. नाक काचेला लावून ती बाणाच्या बटणाने एकेक स्पेस चाचपायची. घरी जाताना मान अशी धरायची की विचारू नका.

आणि मग व्हायचं ते झालंच. एका दातांच्या डॉक्टरसाठी प्रोग्रॅम होता: उद्या ज्यांना बोलावलंय त्या प्रत्येकाला आठवणीचा निरोप पाठवायचा. "निरोप पाठव" ही ओळ "प्रत्येकासाठी"च्या पोटात हवी होती. मावशीच्या हातून ती एक पाऊल बाहेर राहिली. पायथनला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याने अख्खी यादी मुकाट्याने वाचली आणि शेवटच्या एकालाच निरोप पाठवला. चाचणीच्या यादीत नाव एकच होतं, त्यामुळे तिथेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "सकाळपासून एकच आजोबा आलेत. त्यांना एकही दात नाही! कवळीचं माप द्यायला आलेत!"

ऑफिस खो खो हसलं. कप्तानने ती ओळ शोधली, आत सरकवली आणि मावशीकडे आला. "तुमच्याकडून असं कसं झालं, मावशी?"

"घाईत झालं रे," ती म्हणाली. आपण घाई कधीच करत नाही, हे दोघांनाही माहीत आहे, याची तिला फार लाज वाटली.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट नवऱ्याच्या दुकानात गेली आणि स्टुलावर बसली. "नोकरी सोडावी म्हणते."

"का गं?"

तिने सगळं सांगितलं. नवऱ्याने हातातली सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला. "मला आता ओवता येत नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, बाबा रे, एवढं ओवून दे. म्हणून काय मी दुकान बंद केलं? शिवतो तर मीच ना!"

"तुमचं दुकान तुमचं आहे हो."

"मग त्या कप्तानला विचारून तर बघ. नाही म्हणाला तर ये इथे काज करायला."

"काज करायला तरी डोळे नकोत का?" ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

सकाळी तिने कप्तानला गाठून डोळ्याचं सरळ सांगून टाकलं. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "आधी का नाही बोललात?"

"काढून टाकशील म्हणून."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "मावशी, स्पेसऐवजी टॅब ठेवला तर फाइलमध्ये पाऊल एकच असतं. ते किती रुंद दिसायचं, हे ज्याचा त्याचा एडिटर ठरवतो. मला दोनाएवढं दिसेल, तुम्हाला आठाएवढं."

"मग दोन स्पेस कशाला रे आणल्यास?"

"मला आवडतात म्हणून," त्याने खरं ते सांगितलं.

पण यात एक मेख होती. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, त्याची नोंद राहते, आणि बिघाड झाला की त्या नावाच्या माणसाला धरतात. विनाकारण दुसऱ्याच्या ओळीला हात लावणाऱ्यावर कप्तान तर ओरडायचाच. आता सगळ्याच फाइलींचं इंडेंट बदलायचं म्हणजे प्रत्येक ओळीला हात लागणार. "ते कोण करणार?" मावशीने विचारलं. कप्तान "बघू" म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तिने दातांच्या डॉक्टरची फाइल उघडली, तर स्पेस जाऊन सगळीकडे टॅब आले होते. टॅबची रुंदी आठ केली. ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या सुट्ट्या सुट्ट्या उभ्या राहिल्या, आणि कितीतरी दिवसांनी तिने खुर्चीला पाठ टेकली. मग नोंद पाहिली. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीपुढे कप्तानचं नाव. चुकली होती त्या ओळीपुढेसुद्धा.

"अरे, एवढा कोड मी लिहिला आणि नाव तुझं?" ती तिथूनच ओरडली.

"असू दे, मावशी," तो मान वर न करता म्हणाला. "आता काही बिघडलं की आधी मला धरतील. तुम्ही लिहा निवांत."

तिला चांगलं खणखणीत उत्तर द्यायचं होतं, पण समोरच्या ओळीच पुसट झाल्या. डोळ्यांत पाणी आलं की आठ काय, सोळा स्पेसएवढी रुंदी ठेवली तरी ओळी दिसत नाहीत. तिने पदराने डोळे पुसले आणि मग कामाला लागली.