बुडबुड्यांचा पंप

चौथी शिकलेला माणूस घरी सर्किट बोर्ड बनवू लागला की किस्से आपोआप साचतात. माझे किस्से मी सांगितले नाहीत तर शेजारचा पटले सांगतो, आणि वाढवून सांगतो. म्हणून मीच सांगतो.

आम्ही दोघं गोंदियाजवळच्या मुर्री गावातले. पटलेच्या धानाला पाणी देणारी मोटार दोनदा जळली. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला की मोटार बंद करणारं सर्किट त्याला हवं होतं. "तिसऱ्यांदा जळायच्या आत देतो," मी म्हणालो.

*

बोर्डासाठी तांब्याचा थर असलेल्या पाटीवर पक्क्या शाईनं रेघा काढून ती फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवायची. उघडं तांबं विरघळतं, रेघांखालचं राहतं. फक्त पाणी सतत हलतं पाहिजे. मी ट्रे हातानं हलवत बसलो.

पटले आला. "भाऊ, पाळणा हलवून राहिले का?"

हातानं हलवणं त्याच दिवशी बंद केलं.

*

मग सलाईनची नळी घालून तोंडानं फुंकलं. बुडबुडे झकास आले.

बायको म्हणाली, "बिडी सोडली, आता हे काऊन फुकून राहिले?"

मी रागानं जोरात फुंकलं. नव्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे डाग उडाले. धुऊन गेले नाहीत. लग्नाला तोच घालतो. डिझाइन आहे म्हणून सांगतो.

*

गोंदियात शोभेच्या माशांच्या दुकानात हवेचा पंप मागितला. दुकानदारानं विचारलं, "चाचा, कौनसी मछली है?"

बोर्डाचं त्याला कशाला सांगायचं? "बड़ी है," म्हटलं.

त्यानं माशाच्या दाण्याचं पाकीटही काढलं. तेही घ्यावं लागलं.

*

पटले म्हणाला, "भाऊ, पंप उंच ठेवा. लाईन गेली का पाणी नळीतून पंपात उतरते."

"मले शिकवू नको," मी म्हणालो. ट्रे स्टुलावर, पंप जमिनीवर.

लाईन गेली. पाणी पंपात उतरलं. लाईन परत आली, पंप आला नाही.

*

पटलेला घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो.

"चाचा, मछली कैसी है?"

"मर गई."

दुकानदार हळहळला. "पंप नीचे रखा था क्या?"

मी छताकडे पाहिलं. पटले म्हणाला, "हाँ, नीचेच था."

दुकानदारानं नवा पंप दिला, आणि पिशवीत एक लाल मासा घालून फुकट दिला. "दुखी मत हो, चाचा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मासा आता घरी बरणीत आहे. त्याचा पंप वरच्या फळीवर. काल बोर्डासाठी पंप काढायला गेलो, तर बायकोनं हात धरला. "त्याले हात लावू नका. मासा जिता आहे."

ट्रे मांडीवर घेऊन हलवत बसलो. पटले समोर बसून बघत होता. मग पुढे सरकला.

"द्या भाऊ, पाळणा. थोडा मी हलवतो."