आठवी सही

लोरेन तिबो शाळेची पिवळी बस चालवते. सकाळी मुलं पोचवायची, दुपारी तीनला परत आणायची. मधले सहा तास मोकळे. मोकळ्या वेळात आमच्या गावात कोण काय करतं ते मला पाठ आहे. एकतीस वर्षं टपाल वाटलंय मी. त्यामुळे ती रोज किराणा दुकानाच्या माडीवर, ऑल्डन प्रुइट वकिलाच्या कचेरीत जाऊन बसायला लागली, तेव्हा लोकांनी नको ते तर्क केले. त्यातले दोन मीच पसरवले होते.

खरी गोष्ट फारच निराशाजनक निघाली. बाई कायदा शिकत होती.

तिच्या घटस्फोटाच्या वेळी शहरातला वकील तिच्याशी एकूण तीन वाक्यं बोलला होता आणि त्यातली दोन तिला कळली नव्हती. ते तिला लागलं. आमच्या व्हरमाँट राज्यात वकील व्हायला लॉ कॉलेजात जावंच लागतं असं नाही. चार वर्षं एखाद्या वकिलाच्या हाताखाली शिकायचं, दर सहा महिन्यांनी 'शिकली' म्हणून त्याची सही घ्यायची. अशा आठ सह्या झाल्या की परीक्षेला बसायचं.

लोरेन तेव्हा सेहेचाळीस वर्षांची आणि ऑल्डन सत्त्याहत्तरचा. साऱ्या खोऱ्यात वकील तो एकटाच. म्हणून तिने त्याला जपायला घेतलं. त्याचे डोनट बंद केले, शिडी लपवली, छपरावरचं बर्फ स्वतः चढून काढलं. दुकानात कोणी विचारलं, "ऑल्डनची तब्येत कशी आहे गं?" की ही म्हणायची, "तीन सह्या बाकी आहेत."

सातवी सही झाली आणि घात झाला. मरण नाही आलं, व्हर्ना आली. व्हर्ना कटिंग, आमची वाचनालयवाली विधवा.

"घर विकतोय," ऑल्डन म्हणाला. "याच नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आत, व्हर्नाबरोबर फ्लोरिडाला."

"आणि माझी मे महिन्यातली आठवी सही?"

"शहरात वकील आहेत की, पोरी."

"दोन तासांवर. आणि माझी बस तीनला सुटते."

ऑल्डनने तिचे कागद तपासायची लाल पेन्सिल हातात फिरवली. मग म्हणाला, "माझ्या घराचे कागद तरी तूच तपास."

तिने गावच्या दप्तरखान्यात तीन दिवस काढले. निघालं असं, की मोठ्या रस्त्यापासून ऑल्डनच्या दारापर्यंतची वाट चाळीस फूट माझ्या जमिनीवरून जाते. खरेदीखत पन्नास वर्षांपूर्वी ऑल्डनने स्वतःच लिहिलेलं, आणि वहिवाटीचा हक्क लिहायलाच विसरलेला! आता मी सही दिल्याशिवाय घर विकणं शक्य नव्हतं.

लोरेन कागद घेऊन आली तेव्हा मी लाकडं फोडत होतो.

"ओरिन, सही हवीय."

मी वाचलं. मला हसू आवरेना. "माझा हात भरून आलाय गं. मे महिन्यापर्यंत काही मोकळा व्हायचा नाही."

तिला कळलं. ती क्षणभर कागदाकडे बघत राहिली. तो क्षण लहान नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

"साडेतीन वर्षं मी हे शिकत होते असं वाटतं तुम्हाला?"

"अगं, खोटं काय त्यात? दुखतोच हात."

"दिसतंय. म्हणून कुऱ्हाड चालवताय. हे बघा, ऑल्डन आज माझा अशील आहे. अशिलाची वाट अडवून मला वकील व्हायचं नाही."

"आणि मी सही नाहीच केली तर?"

"पन्नास वर्षं तो तुमच्या नाकासमोरून गाडी नेतोय, तुम्ही एकदा हूं की चूं केलं नाहीत. न्यायाधीश त्याला हक्क देईलच. शिवाय तुम्ही का अडून बसलात ते मी तुमच्या बायकोला सांगेन."

कायद्याशी मी लढलो असतो. पण बायकोशी? सही गावच्या कारकुनासमोर करायची होती, म्हणून तिने मला बसमधूनच नेलं. पहिलीतल्या पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून गेलो.

तो कागद तिने ऑल्डनपुढे ठेवला. साडेतीन वर्षांत तिचा एकही कागद लाल झाल्याशिवाय परत आला नव्हता. त्याने दोनदा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ओरिन अडवायला तयार झाला असेल."

"झाला होता."

"मग?"

"मग काय? कागद पक्का आहे. विका घर."

त्याने लगेच व्हर्नाला फोन लावून सगळं सांगितलं. व्हर्ना काय बोलली ते मला ठाऊक आहे, कारण माझी बायको तेव्हा वाचनालयात कान टवकारून उभी होती. "फ्लोरिडा मे महिन्यातही तिथेच असेल, ऑल्डन. त्या बाईला अर्ध्यावर सोडलंस तर मी तुझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा येणार नाही."

आठवी सही मे महिन्यात झाली. पहिल्या परीक्षेत लोरेन चार गुणांनी नापास झाली. शिव्या घातल्या, पुन्हा अभ्यासाला बसली आणि फेब्रुवारीत पास झाली. बस अजून तीच चालवते; मधल्या वेळात माडीवर कचेरी.

गेल्या महिन्यात मी माझी लाकडं त्या वाटेवर दोनेक फूट सरकवून रचली. ऑल्डनच्या घरात आता राहणाऱ्यांनी कुरकुर केली. चौथ्या दिवशी मला टपालाने नोटीस आली, खाली सही लोरेन तिबो, वकील. पळवाट शोधत मी ती तीनदा वाचली. कुठून सापडणार? सगळं मीच त्या कागदावर सही करून कबूल केलेलं.

मी लाकडं हलवत होतो, तेवढ्यात पिवळी बस आली. खिडकी खाली झाली.

"हात कसा आहे, ओरिन?"