ओढा सकाळच्या बाजूला

सौदीतल्या हुफूफ शहराजवळच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं नकाशे काढतोय. पाइप कुठून कुठे जाणार, टाकी कुठे बसणार, जिना कुठल्या बाजूला उतरणार, हे आधी माझ्या कागदावर ठरतं आणि मग जमिनीवर येतं. त्यामुळे मला थोडी घमेंड आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. बायको म्हणते, थोडी नाही.

आमच्या विभागात एक जर्मन इंजिनियर होता. तोंडावर साहेब, पाठीमागे 'आमचा जर्मन'. साठी ओलांडलेला, कमालीचा हट्टी, निवृत्तीला एक वर्ष उरलेला. शुक्रवारी सुट्टी मिळाली की बाकीचे गोरे लोक समुद्रावर पळायचे. हा आसपासच्या खेड्यांतून खजुराच्या बागा तुडवत हिंडायचा. एखाद्या म्हाताऱ्याशेजारी बैठक मारायची आणि मोडक्यातोडक्या अरबीत विचारायचं, पूर्वी झऱ्याचं पाणी आधी तुमच्या गावाला मिळायचं की पलीकडच्या? या प्रश्नावर जगात कुठलाही म्हातारा गप्प बसत नाही. संध्याकाळी आमचा जर्मन खजुराचा एक डबा आणि दोन गावांचं एक जुनं भांडण घेऊन परत यायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, "साहेब, दुसऱ्यांच्या गावांची तुम्हाला एवढी कसली हौस?"

"माझ्या गावासारखीच भांडणं आहेत," तो म्हणाला. "घरची आठवण येते."

मग कळलं की त्याचं गाव एकटं नाही. सहा गावं मिळून एक पंचायत, आपल्याकडच्या ग्रुप ग्रामपंचायतीसारखी. तो तरुण असताना सरकारने ती एकत्र बांधली, आणि तेव्हापासून सहाही गावं एकमेकांवर रुसलेली आहेत. शाळा मोठ्या गावाने नेली, पोस्ट मोठ्या गावाने नेलं, आगीचा बंबही तिथेच उभा राहतो. शेजारच्या दोन गावांच्या चर्चची घड्याळं चार मिनिटांच्या फरकाने टोले देतात आणि दोन्ही गावं आपलंच खरं मानतात. आमच्या जर्मनचं गाव सहांतलं सगळ्यात लहान, चौदा घरांचं. त्याच्या वाट्याला आलेली एकच मोठेपणाची गोष्ट म्हणजे सामाईक भट्टी. पाव भाजायला सगळ्या घरांची एकच भट्टी, आणि कोणी कधी भाजायचं याच्या चिठ्ठ्या टाकत. पहिली चिठ्ठी कोणालाच नको असायची, कारण थंड भट्टी तापवायला लाकूड आपलं जायचं. एक बाई वर्षभर पहिली चिठ्ठी टाळत आली म्हणून तिच्याशी अर्धं गाव बोलत नव्हतं. ही हकीकत तो इतक्या रंगून सांगायचा की आमचा भात गार व्हायचा.

आता या पंचायतीने सहा गावांच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. संपादक कोण, तर मोठ्या गावातले निवृत्त शिक्षक. त्यांनी कळवलं, लहान गावाबद्दल काहीच माहिती नाही, तेव्हा त्याचा एक परिच्छेद आमच्याच प्रकरणाच्या शेवटी टाकतो. आमचा जर्मन भडकला. त्याने हट्टाने मुदत मागून घेतली: सहा आठवड्यांत गावाचा नकाशा आणि चौदाही घरांची नावं दिली, तर गावाला स्वतःचं प्रकरण.

घरांची नावं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांच्याकडे राहणाऱ्या माणसाचं आडनाव एक आणि घराचं नाव भलतंच. 'शिंप्याचं घर' म्हणतात त्यात आज दातांचा डॉक्टर राहतो. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. आमच्या मोहल्ल्यात 'नाखव्याचं घर' आहे, तिथल्या तीन पिढ्यांनी वल्ह्याला हात लावलेला नाही. आम्हाला स्वतःला सगळे 'माडीवाले' म्हणतात. ती माडी मी पाहिलेलीसुद्धा नाही, माझ्या जन्माआधीच ती उतरवली होती. हे ऐकून आमचा जर्मन टेबलावर हात आपटून हसला, आणि मी त्याच भरात बोलून गेलो की नकाशा मी काढून देतो.

नावं मात्र एकाच माणसाला माहीत होती. त्याची आई. नव्वदीला टेकलेली, मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात राहणारी, नजर जवळजवळ गेलेली. बाप लवकर गेल्यामुळे हा दहाव्या वर्षी मामाकडे शहरात शिकायला गेला. त्याला पाच-सहा नावं आठवत होती, तीही कुणाच्या झाडाची सफरचंदं चोरली एवढ्यापुरती. गावातली बाकीची सगळी म्हातारी माणसं वारली होती. आता ती चौदा घरं फक्त तिच्या डोक्यात उभी होती.

त्याने मला जमिनीच्या जुन्या मोजणीची एक फिकट प्रत आणून दिली. मी ती माझ्या पद्धतीने सुरेख उतरवली. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, मध्ये चर्च, चर्चच्या मागे ओढा. घरांना एक ते चौदा आकडे, कडेला दुहेरी रेघ, उजव्या कोपऱ्यात नाव-तारखेची चौकट आणि वर उत्तरेचा बाण. ऑफिसमध्ये दोघं-तिघं मुद्दाम बघायला आले. "तुमचं गाव कारखान्यासारखं शिस्तीत दिसतंय," मी त्याला म्हटलं. तो खूश, मी त्याहून खूश.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो नकाशा समोर पसरून आईला फोन लावायचा. मी शेजारी डबा खात बसायचो. फोन झाला की तो मला इंग्रजीत सगळं सांगायचा. पहिले दोन दिवस भट्टीच्या गप्पांत गेले. तिसऱ्या दिवशी तो मुद्द्यावर आला: आई, चर्चला लागून पूर्वेला जे घर आहे, नंबर सात, त्याचं नाव काय?

"चर्चच्या पूर्वेला घर नाही," आई म्हणाली. "पूर्वेला ओढा आहे."

त्याने नकाशा पाहिला. ओढा उत्तरेला होता. त्याने परत विचारलं, परत तेच. बरं, ओढ्याच्या दक्षिणेला तिसरं? ती म्हणाली, ओढ्याच्या दक्षिणेला गावच नाही, कुरण आहे. ओढा सकाळच्या बाजूला, घरं संध्याकाळच्या बाजूला, एवढंसुद्धा तुला आठवत नाही का? त्याने फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने तिला समजावलं की आई, माझ्यासमोर नकाशा आहे, ओढा उत्तरेलाच आहे. त्यावर ती हळू आवाजात म्हणाली, असेल बाबा, तू म्हणतोस तर असेल. त्यानंतर ती नावंच सांगेना. काहीही विचारलं की म्हणायची, मला विचारू नकोस, मी चुकते.

शिक्षकांचंही पत्र आलं. अतिशय सभ्य पत्र. आईंचं वय पाहता त्यांच्या माहितीवर विसंबणं कठीण आहे, तेव्हा आपला परिच्छेदच बरा. आमच्या जर्मनने ते मला वाचून दाखवलं आणि नकाशाची गुंडाळी करून खणात टाकली.

"खलास," तो म्हणाला. "प्रकरणाचं जाऊ दे. आईच हातातून चाललीय. सगळं शाबूत होतं तिचं, फक्त डोळे गेले होते असं समजत होतो मी."

माझी आई अजून फोनवर मला, जेवलास का, काय जेवलास, कालवणात मासा कुठला होता, इथपर्यंत विचारते. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचं खरंच वाईट वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात नव्या कामगारांसाठी एक केबिन उभी राहिली. त्यांचा पठाण फोरमन मला बोलवायला आला: भाईजान, नमाजासाठी किब्ल्याची खूण करून द्या, इथे सगळीकडे लोखंड आहे, मोबाइलचा बाण गरागरा फिरतोय. मक्केची दिशा दाखवायचं हे काम नेहमी माझ्याकडेच येतं. मी आराखडा घेतला, चिकटपट्टी घेतली आणि गेलो. एक नवीन कामगार माझ्या खांद्यावरून आराखड्यात बोट घालून म्हणाला, उत्तर वर आहे ना, मग मक्का या बाजूला.

"अरे तोबा!" मी म्हटलं. "हा बाण कारखान्याचा आहे. खरी उत्तर खाली कोपऱ्यात, तो बारीक बाण बघ."

हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. कारखान्याचे रस्ते खऱ्या दिशांना सरळ नसतात. मग कागदावर सगळं सरळ बसावं म्हणून आम्ही आराखडा फिरवून घेतो आणि वरच्या बाजूलाच उत्तर म्हणतो. त्याला प्लान्ट नॉर्थ म्हणतात. तिथे आम्ही सगळे त्याच खोट्या उत्तरेवर जगतो. कोणी सूर्याकडे बघत नाही. फक्त नमाजासाठी खरी दिशा शोधायची.

मी पट्टी चिकटवायला वाकलो आणि तसाच राहिलो. त्या गावाचा रस्ता. जुन्या प्रतीत तो उभा होता. माझ्या आडव्या कागदावर मावावा म्हणून मी तो आडवा केला, बावीस वर्षांच्या सवयीने वर उत्तरेचा बाण ठोकला, आणि प्रतीच्या कोपऱ्यातला मूळ बाण गेला माझ्या त्या देखण्या चौकटीखाली.

पट्टी नीट लावूनच निघालो, तिथे घाई चालत नाही. पण मग उन्हातून जो धावत सुटलो, की फोरमनला वाटलं कुठे आग लागली. आमचा जर्मन डबा उघडत होता. मी त्याच्या खणातली गुंडाळी काढली, टेबलावर पसरली आणि पाव वळसा फिरवली.

"साहेब, तुमची आई बरोबर आहे. चूक माझी आहे. मी तुमच्या गावाला प्लान्ट नॉर्थ लावली."

तो नकाशाकडे बघत राहिला. त्याला एका शब्दानेही समजवावं लागलं नाही, त्याचाही जन्म त्याच बाणाखाली गेला होता. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याने फोन उचलला, लावला, आणि या वेळी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. तो एकेक वाक्य थांबून मला इंग्रजीत सांगत होता.

"आई, ओढा पूर्वेला आहे. नकाशा चुकीचा होता."

"नकाशा?" म्हातारी म्हणाली. "नक्की नकाशाच ना?"

"नक्की."

ती म्हणाली, "मी पंधरा दिवस सकाळी खिडकीत बसतेय. ऊन कुठल्या गालाला लागतं ते बघतेय. मला वाटलं, आता तेही मला कळेनासं झालं."

मला माझी लाज वाटली, अगदी सरळ सांगतो. ज्या हाताने मी किब्ल्याची रेघ एवढ्या जपून मारतो, त्याच हाताने एका म्हातारीचा सूर्य फिरवून टाकला होता. मी त्याला माझ्या वतीने माफी मागायला लावली. तिने विचारलं, हा माणूस कोण? तो म्हणाला, भारतातला, समुद्राकाठचा, त्यांच्याकडेही घरांना नावं असतात. "मग त्याला पेन्सिल घ्यायला सांग," ती म्हणाली. आणि रस्त्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून तिने न अडखळता चौदाही नावं सांगितली. शिंप्याचं, लोहाराचं, विहिरीपाशी, लांब पायवाल्याचं. बाराव्या घराला तिने नावाबरोबर हेही सांगितलं की पहिली चिठ्ठी टाळणारी बाई इथलीच, आणि हे पुस्तकात छापायचं. मुदतीला चार दिवस राहिले होते.

गावाला स्वतःचं प्रकरण मिळालं. चिठ्ठीवाली बाई शिक्षकांनी गाळली, त्यावर आमचा जर्मन अजून पत्रव्यवहार करतोय.

तो निवृत्त होऊन निघाला तेव्हा मी त्याला एक पुठ्ठा दिला. कल्पना बायकोची. "डोळ्यांनी दिसत नाही त्यांना, तर हाताला लागेल असं काहीतरी करा ना," ती म्हणाली, आणि स्वतःच डबे काढून बसली. रस्त्याला सुतळी, ओढ्याला निळी लोकर, घरांना चौदा मसुराचे दाणे, चर्चला एक काबुली चणा. बाण मी काढला नाही. ओढ्याच्या पलीकडे, कडेला, जाड गोंदाचा एक गोल सूर्य तेवढा केला.

महिन्याभराने त्याने फोन करून सांगितलं. आईच्या मांडीवर पुठ्ठा ठेवला तर तिने आधी त्याला बोटच लावलं नाही. चेहरा खिडकीकडे केला, ऊन गालावर घेतलं, मग पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवला, गोंदाचा सूर्य त्याच बाजूला येईपर्यंत. आणि मगच पहिल्या मसुरावर बोट ठेवून नाव घेतलं.