हरण्याला आधी कळायचं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी तेली माणूस. पिळून निघतं तेवढंच खरं मानणारा. पण ही एक गोष्ट इतकी वर्षं कुणाला बोललो नाही... आता पंचेचाळिशी उलटली, सांगून टाकतो.

कळमनुरीपासून कोसभर आमचं गाव. निजामाचा अंमल होता. अंगणात लिंबाखाली घाणा. डोळ्यांना झापडं बांधलेला हरण्या बैल गोल फिरायचा आणि मागं आडव्या फळीवर माझी थोरली बहीण, आक्का, बसायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं; विधवा होऊन परत आमच्याच घरी आली. तिळाच्या कोमट पेंडीत गूळ कालवून हातावर ठेवायची... ती चव अजून जिभेवर आहे.

मग तिला भोवळ यायला लागली. मान वळवली की घर गरगरायचं, उलटी व्हायची. शेजारीण म्हणाली, "घाण्यावर फिरून फिरून डोस्कं फिरलं. उलटे सात फेरे घे." घेतले. आक्का जास्तच ओकली.

शेवटी तिला कळमनुरीच्या हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांनी तिला खाटेवर निजवून मान झटकन उजवीकडं वळवली. तिची बुबुळं थरथरायला लागली.

"करणी न्हाई, काही न्हाई. कानातली तकलीफ आहे," ते म्हणाले. भिजवलेल्या धने-आवळकाठीचं पाणी घ्या, उठताना सावकाश उठा. मग मला एकट्याला बाहेर नेऊन सांगितलं, "महिनाभर बहिणीला उंचावर बसवू नको, बेटा."

हे मी घरी सांगितलं नाही, आक्कालाही नाही. दिवाळीचं तेल काढायचं होतं, अन् घाण्यावर बसायला दुसरं माणूस नव्हतं.

त्याच आठवड्यात हरण्या मधेच थांबायला लागला. तो थांबायचा, आक्का उतरून भुईवर बसायची, आणि मग भोवळ यायची. आधी बैल, मग भोवळ—एकदाही चुकलं नाही. डोळे बांधलेले, तोंड पुढं... त्याला कळायचं कसं?

तेल न्यायला आलेले गावातले एक चाचा म्हणाले, "कळमनुरीला काहून गेलास रे? हकीम तर तुझ्याच घाण्याला जुंपलाय!" आक्का पदर तोंडाला लावून हसली.

धनत्रयोदशीची दुपार. घाणी, म्हणजे एका वेळचे तीळ, घाण्यात भरलेली होती. आमच्यात भरली घाणी मोडत नाहीत. गार झाली की तेल सुटत नाही, वर अपशकुन. हरण्या थांबला.

"उतरू दे रे बापू, त्यानं सांगितलं."

"थोडेच फेरे राहिले आक्का. काहून उतरून राहिली? बस."

मी चाबूक मारला. बैल हलला नाही. दुसरा मारला, तेव्हा चालला... चार पावलं. आक्का फळीवरून दगडावर पडली. खुबा मोडला.

गावाला तिनं सांगितलं, "माझाच पाय सरकला." मी बाजूलाच उभा होतो, गप्प. भोवळ महिन्याभरात गेली. खाट मात्र सुटली नाही. तीन वर्षांनी त्याच खाटेवर ती गेली.

हकीमसाहेबांना एकदा बैलाचं विचारलं. "घामाचा वास बदलत असेल... खुदा जाने," म्हणाले.

हरण्याला कसं कळायचं, ते मला आजही सांगता येत नाही. मला तर माणसानं तोंडानं सांगितलं होतं.