गाण्याशिवाय गिटार

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमचे हे दिवसा खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते आणि गणपती-नवरात्र आलं की ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. साधी नाही, विजेची. जाहिरातीच्या कागदावर 'रॉक-एन-रोलचा धमाका' असं छापलेलं असायचं आणि तो धमाका म्हणजे आमचे हे. लाल सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. पिंपळगाव राजा या गावी त्यांनी एकदा असं काही वाजवलं की पुढची पोरं टोप्या उडवायला लागली आणि मागच्या बाया 'काय झालं वं, साप निघाला काय?' म्हणून उठून उभ्या राहिल्या. मी त्यांच्यातच बसले होते. हसून हसून माझं पोट दुखलं.

पण टाळ्या कोणाला? गायकाला. तो यांचाच मित्र, भला माणूस, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण घरी येणारे लोकसुद्धा विचारायचे, 'तुमचे मालक त्या गायकाच्या पार्टीत आहेत न?' माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हे नुसते हसायचे. 'अवं, गाणं त्याचं आहे, मी आपला संगतीले,' म्हणायचे.

पुढे त्या गायकाचा गळा बसला तो कायमचाच. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं आणि ऑर्केस्ट्रा मोडला. गिटार खुंटीला लागली. जिनातून आले की हे ओट्यावर बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, पुन्हा जाऊन बसायचे. बोलका स्वभाव यांचा कधीच नव्हता, पण इतका मुका माणूसही मी पाहिला नव्हता. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती.

अशात मुंबईहून यांच्या ओळखीचा एक माणूस आला. रेकॉर्ड कंपनीत कामाला होता. म्हणाला, 'आजकाल नुसत्या वाद्याच्या रेकॉर्डी निघतात. सिनेमाची गाणी नकोत, ती वाजवणारे मुंबईत खंडीभर आहेत. तुमच्या स्वतःच्या चार चाली टेप करून पाठवा, ऐकतो.' तो गेला आणि हे ओट्यावरून उठले. गिटार खाली काढली, मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, 'इतकी वर्षं वाजवलं, पण माह्या हातात माहं सोताचं काही आहे काय, हे मलेच माहीत नाही. पाहू तरी.'

हे ऐकल्यापासून मला घोर लागला, आणि त्याहून जास्त उत्सुकता. एवढा संसार केला, पण या माणसाला एकट्याने पुरती एक चाल वाजवताना मी कधी ऐकलंच नव्हतं. घरात सराव चालायचा तोही कुठल्यातरी गाण्याचा मधला तुकडा, मागचा-पुढचा पत्ता नाही. हे स्वतः वाजवतील ते कसं असेल? भाकरी थापताना, शाळेत पोरांना पाढे सांगताना माझ्या डोक्यात तेच.

टेपरेकॉर्डर माझ्या भावाचा आणला. दोन मोठ्या चकत्या गरगर फिरायच्या. मला ते यंत्र इतकं आवडलं की बटण दाबायचं काम मी यांनाही करू दिलं नाही. पहिल्यांदा घरातच वाजवून पाहिलं. लावून ऐकतो तर समोरची पिठाची चक्की, गल्लीतली भांडणं, बोहारणीची आरोळी, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी आमची गिटार!

मग गोदाम सुचलं ते यांनाच. चैत्रात जीन बंद व्हायचं, पण गोदामात रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी पत्र्यापर्यंत रचलेल्या असायच्या, आगगाडीच्या वाघिणींची वाट पाहत. यांनी मला त्या गाठींमधल्या बोळात नेलं आणि एक टाळी वाजवली. आवाज झाला आणि संपला, मागे काही उरलंच नाही. मीही वाजवून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली.

'अव माय, आवाज जाते कुठं?' मी विचारलं.

'रुई खाते,' हे म्हणाले.

जिनाच्या शेठजींनी आधी हातच जोडले. कापूस आणि वीज एका जागी म्हटल्यावर त्यांच्या छातीत धस्स झालं. शेवटी हो म्हणाले ते अटी घालून. आगपेटी फाटकावर ठेवायची, वायर ऑफिसातून आणायची पण मध्ये कुठे जोड नको, दारात वाळूच्या बादल्या, आणि गाठी वाघिणीत चढल्या की खेळ खलास.

रविवारी भर दुपारी आम्ही जायचो. वर तापलेला पत्रा, आणि आवाज येतो म्हणून पंखा नाही. घामाने यांची बोटं तारेवरून घसरायची, उष्म्याने तारा उतरायच्या, त्या पुन्हा पिळायच्या. रुईचे तंतू नाकात जायचे. मी पदर तोंडाला बांधून, शिंक दाबून, बटणावर बोट ठेवून बसलेली. सगळं ध्यान चकत्यांवर, न जाणो टेप गुंतली तर! वाजवणं कानावर पडायचं, पण ऐकायचं राहून जायचं.

चारही चाली टेप झाल्यावर घरी पहिली लावली तेव्हा मी पोळ्या करत होते. काय सांगू बाप्पा! सुरुवात अशी झाली की लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं. आणि तेवढ्यात आवाज बंद. चकत्या फिरताहेत, आवाज नाही. म्हटलं झालं, भावाचं यंत्र बिघडवलं आपण. तर पुन्हा सुरू. पुन्हा जरा रंगात आली की पुन्हा बंद.

'अहो, तुम्ही मधी मधी थांबता काऊन?'

'कुठं थांबलो?'

'हे काय, आता. घ्या, पुन्हा थांबले.'

'दम घेतला असंन.'

'इतका? तेवढ्यात माही एक पोळी लाटून झाली असती!'

मग यांनी कान देऊन ऐकलं. बाकीच्या चाली लावल्या. चारही तशाच. यांनी डोकं धरलं आणि हसायला लागले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

'अवं, मी गायकाले जागा सोडून राह्यलो.'

ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याचं काम तेच. गाण्याच्या आधी वाजवायचं, दोन कडव्यांच्या मध्ये वाजवायचं, आणि गायकाने तोंड उघडलं की हात मागे घ्यायचा. ते करण्यात उमर गेली. आता गाणं नव्हतं, गायक नव्हता, तरी हात आपला नेमका थांबायचा आणि एका ओळीपुरती वाट मोकळी करून द्यायचा.

मी अशी भडकले! यांच्यावर की आणखी कोणावर, ते मला अजूनही सांगता येत नाही. स्वतःच्याच घरात दाराशी उभं राहायचं म्हणजे काय? 'भरून टाका न त्या जागा,' मी म्हटलं. पुढच्या रविवारी भरल्या. ऐकलं तर गाडी चुकेल म्हणून धावत सुटलेल्या माणसाचं बोलणं. 'हे म्या नुसतं कोंबलं,' म्हणाले, यंत्र बंद केलं आणि ओट्यावर जाऊन बसले.

इकडे वाघिणी आल्या. गाठी हलल्या, गोदाम रोज रिकामं होत गेलं. एकच कोपरा उरला, तोही सोमवारी जाणार होता. म्हणजे हा शेवटचा रविवार, आणि हे उठायलाच तयार नाहीत.

'माह्याजवळ काही नाही. जे होतं ते गाण्याचं होतं.'

मला रडू आलं आणि रागही आला. 'नसंन तर नसंन. पण नाही हे तरी मले पुरतं ऐकू द्या. अर्धवट ऐकून माह्या जीवाले चैन नाही.'

हे ओट्यावरून उठले. मग गिटार उचलली.

त्या दिवशी बटण दाबलं आणि मी चकत्या सोडून यांच्याकडे पाहिलं. चाल सुरू झाली, चढली, आणि तिथे आली. यांचा हात तारांवरून आपोआप उचलला गेला आणि मान डावीकडे वळली, स्टेजवर गायक उभा राहायचा तिकडे. डावीकडे गाठी होत्या. हे त्या गाठींकडे बघत वाट पाहत होते, अगदी अदबीने.

यंत्र चालू ठेवून मी उठले आणि तिथे जाऊन उभी राहिले. काय करणार होते देवाला ठाऊक. मला गाणं येत नाही. शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवायचे. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून मान हलवली. इथून काही यायचं नाही, तुम्हीच काय ते बघा.

यांना हसू फुटलं. आणि हात खाली आला. चाल जिथे दरवेळी तुटायची तिथून पुढे निघाली, आधी चाचपडत, मग सावकाश, मग मोकळी. पुन्हा तशी जागा आली, यांनी पुन्हा पाहिलं, मी पुन्हा मान हलवली. त्यानंतर यांनी डोळे मिटून घेतले आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मी मात्र तिथून हलले नाही. हा माणूस माझ्या घरात राहत होता आणि हे सगळं त्याच्याजवळ होतं!

चाल संपली. यंत्र बंद करायचं मला भानच नव्हतं.

'आहे काय काही?' यांनी विचारलं.

'हाव,' मी म्हटलं, आणि रडायलाच लागले. 'इतके दिवस मले काऊन नाही ऐकवलं हे?'

टेप तशीच मुंबईला गेली. काही दिवसांनी तो माणूस येऊन म्हणाला, 'ही एक चाल घेतो आम्ही. पण शेवटी कोणा बाईचं रडणं आलंय, तेवढं कापावं लागेल.'

'रेकॉर्डीत कापा,' हे म्हणाले. 'टेप मात्र मले जशीच्या तशी परत पाहिजे.'