कोपरा फाटलेलं कार्ड

"कागद हाय का, भाऊ?"

कुंपणापलीकडून मामा रोज सकाळी एवढंच विचारायचे. हातात अर्धी भरलेली बादली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत कारखान्याची वसाहत नवीन होती आणि अंगणात नुसता मुरूम. शेजारचे मामा मूळचे तळवड्याचे, कारखान्यात खलाशी म्हणजे ओझी उचलणारे मजूर, घरात एकटेच. आमच्या किराण्याच्या पुड्यांचे कागद, जुनी वर्तमानपत्रं ते भिजवायचे आणि शेणापाल्याबरोबर आपल्या अंगणातल्या खड्ड्यात घालायचे. त्यावर दुधीचा वेल चढला. ज्याने कागद दिला त्याच्या दारात दुधी यायचा. "तुमचीच रद्दी हाय, खावा," म्हणायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. देण्याघेण्याखेरीज त्यांना जवळ दुसरं गणगोत नसतं.

मग त्यांची बहीण गेल्याचं कार्ड आलं. असं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. वाचलं की बाहेरच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. मामांनी ते खड्ड्यात घातलं, आणि कुणीतरी विचारल्यावर सरळ सांगूनही टाकलं. खड्डा म्हणजे काही घर न्हाई, असा त्यांचा हिशेब.

वसाहतीला तो पटला नाही. सुतकाच्या कागदावर वाढलेला दुधी कोण खाणार? आमच्या दारातला दुधी बायकोने उचलून कुंपणावर ठेवला. मी बघत होतो. मामा विचारायचे थांबले नाहीत. मी नाही म्हणून मान हलवायचो, आणि माझ्या पाठीमागे रद्दीचा ढीग त्यांना दिसत असायचा.

त्या थंडीत माझे वडील गेले. दिवाळीला मी ओव्हरटाइम धरला होता, गावी गेलो नव्हतो. कार्ड दारातच वाचलं. फाडायला हात धजेना. मामा कुंपणाशी उभे होते. त्या दिवशी त्यांनी कागद मागितला नाही. बादली तेवढी कुंपणाखालून माझ्याकडे सरकवली.

"फाडू नका. बुडवा," ते म्हणाले. "अक्षर आपसूक सुटतंय."

ओलं कार्ड मी पलीकडे जाऊन त्यांच्या खड्ड्यात ठेवलं. त्यांनी माझ्या ओंजळीत माती दिली. वडिलांना मी शेवटी एवढंच देऊ शकलो.

उन्हाळ्यात दारात दुधी आला. बायकोने तो आत नेऊन चिरला.

नोकरी संपल्यावर मामा तळवड्याला गेले. पुढे एका सकाळी तिकडून कार्ड आलं, कोपरा फाटलेलं. मी पायरीवर उभ्यानेच वाचलं.

बायको आतून आली. तिने पाण्याची बादली माझ्या पायाशी ठेवली.