सफीरसाहेबांचा एक फोन

आखाती देशातल्या आमच्या मंगफच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की जिन्यात किस्से सुरू होतात. लिफ्ट आठवड्यातून दोनदा तरी बंद पडते, त्यामुळे किस्से फार झालेत. निम्मे चौथ्या मजल्यावरच्या सफीरसाहेबांचे. सफीर म्हणजे राजदूत. इजिप्तचे, निवृत्त, आता डॉक्टर मुलीकडे राहतात. "त्यांचा एक फोन गेला की मंत्रालय उभं राहतं," असं सगळे म्हणतात. तो फोन करताना मात्र त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

*

सफीरसाहेब लिफ्टचं बटण स्वतः दाबत नाहीत. आयुष्यभर कुणी ना कुणी दाबत आलं. एकदा ते एकटेच आत शिरले, दार लागलं आणि लिफ्ट जागेवरच! वीस मिनिटांनी हारिसने, म्हणजे इमारतीच्या राखणदाराने, दार उघडलं. तोही इजिप्तचाच. साहेब टाय सावरून ताठ उभे.

"बटण का नाही दाबलंत?"

"मला वाटलं, आपण निघालोय."

*

मी दहावीत असताना बाबांची कंपनी बंद झाली. दुसरी नोकरी मिळाली, पण इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्या कंपनीच्या नावावर व्हायला हवा होता. कागद मंत्रालयात अडकले. हातात एक महिना. नाही झालं तर बाबांनी एकट्याने चिपळूणला परत जायचं.

इथे अशा वेळी वास्ता लागतो, मोठ्या माणसाची ओळख. आई नर्स आहे. साहेबांची मुलगी संध्याकाळी ड्यूटीवर असायची, म्हणून आईच रोज त्यांचं बीपी बघायची, शेजारधर्म म्हणून. तिने विषय काढला.

"बुकरा," साहेब म्हणाले. उद्या.

दुसऱ्या दिवशीही बुकराच. मग आई बीपीच्या मशीनबरोबर घावनेही नेऊ लागली. घावने संपायची, बुकरा संपत नव्हतं.

*

शेवटी एकदा साहेबांकडे पाहुणे बसलेले असतानाच बाबा म्हणाले, "साहेब, जमणार नसेल तर नाही म्हणा."

"चाळीस वर्षांच्या नोकरीत मी दोनदाच नाही म्हणालो," साहेब म्हणाले. "दोन्ही वेळा वेटरला!"

पाहुणे खूप हसले. बाबा हसले नाहीत.

*

माझं अक्षर बरं आहे म्हणून साहेबांनी मला पत्र लिहायला बसवलं. तीन पानं इंग्रजी. मंत्रालयातल्या सचिवांची तब्येत, सचिवांच्या वडिलांची आठवण, कैरोतलं एक जेवण. सही झाली. मी मोठ्यांशी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी विचारलं, "यात बाबांचं नाव?"

"मुली, पहिल्या पत्रात कुणी काम सांगतं का? पहिल्या पत्रात तब्येत विचारायची. काम तिसऱ्या पत्रात."

नऊ दिवस उरले होते.

*

दोन दिवस उरले तेव्हा बाबा स्वतः वर गेले. आई आणि मी मागे. साहेबांनी आधी कोट घातला, मग फोन उचलला. शाळेत अरबी असल्यामुळे मला कळत होतं. "सचिवसाहेब! मुलं कशी आहेत?" काय तो आवाज! बाबांनी मला खुणेने पैसे दिले. "बर्फी आण, जा."

मी खाली आले. हारिस त्याच्या खोलीच्या दारात उभा होता, मोबाईल कानाला. मोबाईलमधून सफीरसाहेबांचा आवाज स्पष्ट येत होता.

"मुलं बरी आहेत, साहेब," हारिस हळू म्हणत होता. "हो साहेब. होईल साहेब."

मला पाहून त्याने मान खाली घातली. फोन ठेवला नाही.

मी दुकानात गेले, बर्फी घेतली, वर आले.

"झालं काम!" बाबा ओरडले. महिन्याभरात पहिल्यांदा हसत होते. त्यांनी पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला.

"गोड आहे ना गं?"

"हो, बाबा," मी म्हणाले.